मालनवहिनीला उठू द्या

मालनवहिनीला तिच्या मुलानं जी खुर्ची आणून दिली, तिचा मला पहिल्या दिवसापासून राग आहे. खुर्चीचा बिचारीचा काय दोष? गुबगुबीत आहे, मागे रेललं की पाय आपोआप वर उचलते, आणि इंदूरच्या दुकानातून टेम्पोत घालून धारपर्यंत मिरवत आणलेली आहे. पण मी देवासहून भेटायला गेले की दारातूनच ती खुर्ची दिसते, तिच्यात वहिनी दिसते, आणि वहिनीभोवती सगळं घर धावताना दिसतं. पाणी हातात, चहा हातात, चष्मा घसरून खाली पडला तर उचलायला दोघंतिघं वाकतात. एकदा न राहवून मी भाच्याला म्हटलं, "मयुरेश, श्वास तरी तिचा तिला घेऊ देतोस ना रे?"

तो हसला. "आत्या, तू पण ना! आईनं जिंदगीभर खूप केलं. आता तिनं फक्त बसायचं."

हे ऐकून शेजारच्या बायका माना डोलवायच्या आणि आपापल्या मुलांकडे बघायच्या. असा मुलगा नशिबानं मिळतो, हे मीही नाकारत नाही. म्हणूनच ही गोष्ट सांगायला अवघड जाते. मुलानं आईचे हाल केले असते तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

आमचं घराणं काही मोठं नव्हे. पवारांच्या लवाजम्याबरोबर आमचे पूर्वज माळव्यात आले ते तंबू ठोकायला. सरदारांच्या घरी दसऱ्याला तलवारी पुजतात. आमच्याकडे मेखा ठोकायची लाकडी मोगरी पुजतात. तंबू उभा करायचा, गालिचे अंथरायचे, आणि मग कडेला हात बांधून उभं राहायचं, हे आमचं काम. आत जे बसायचे ते मोठे, बाहेर उभे ते आम्ही. दरबार गेले, तंबू गेले, पण आमच्या घरात ही समजूत काही गेली नाही. बसणं म्हणजे मान. ज्याला मान द्यायचा त्याला बसवायचं, आणि ज्याच्यावर फार जीव त्याला उठूच द्यायचं नाही.

वहिनी बदनावरची. तिचे वडील तिथल्या मंडीत हमाली करायचे. लग्न होऊन धारला आली तेव्हा अंगानं किरकोळ, पण अशी काटक की आमची आई म्हणायची, ही पोरगी बसलेली मी अजून पाहिली नाही. पाणी भरणं, दळण, धुणं, सारवण, सगळं एका दमात. शिवाय मराठा घरांतल्या लग्नकार्यांत पुरणपोळ्या करायला तिला बोलावणी असायची, पार राजगढपर्यंत. ती पाट्यावर पुरण वाटायला बसली की तिच्या खांद्यांकडे बघत राहावं.

माझी आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती. मी देवासच्या शाळेत नोकरीला, येणार सुट्टीत. सगळं केलं ते वहिनीनं. कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं. आपलं अंग आपल्याला हलवता येत नाही याची आईला इतकी शरम वाटायची की वहिनी जवळ आली की ती तोंड भिंतीकडे फिरवायची. वहिनीनं मला तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "वन्सं, मला मरणाची भीती नाही. पण कुणाच्या हातानं उठायची वेळ माझ्यावर येऊ नये. एवढंच मी देवीकडे मागते." माझ्यापेक्षा वयानं मोठी असूनही ती मला वन्सं आणि तुम्ही म्हणते. तिच्या माहेरची तशी रीत आहे.

आता माझ्या भावाबद्दल. विठोबादादा धार–बदनावर लाईनवर खाजगी बस चालवायचा. तो ड्रायव्हर झाला त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले होते, कारण आमच्या घराण्यातला बसून कमावणारा तो पहिला माणूस. त्याच्या गाडीवर कंडक्टर होता कृष्णाजी. एक गाडी, एक रस्ता, एकच डबा दोघांत. पहाटे निघायचे, दिवस मावळल्यावर परतायचे. एके दिवशी दुपारी बदनावरच्या स्टँडवर दादानं गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सवाऱ्या उतरून गेल्या. कृष्णाजीला वाटलं डुलकी लागली असेल. त्यानं हाक मारली तेव्हा दादा गेलेला होता. पन्नाशी नुकती ओलांडली होती त्यानं.

दादा होता तोवर आम्ही लोकांना सांगायचो, आमचा विठोबा बसून कमावतो. तो गेल्यावर सांगू लागलो, विठोबाला कष्टानं खाल्लं. दोन्ही एका वेळी कसं खरं असेल, हा प्रश्न कुणालाच पडला नाही, मलासुद्धा नाही. मयुरेश तेव्हा कॉलेजात होता. चितेजवळ उभा राहून तो म्हणाला, "बाबा राबून राबून गेले. आईला मी नाही राबू देणार." पोरानं शब्द पाळला. पीथमपुरच्या औषधांच्या कारखान्यात नोकरी मिळवली, घर बांधलं, लग्न केलं, आणि मग ती खुर्ची आणली.

पहिलं वर्ष वहिनीला कौतुक वाटलं. दुसऱ्या वर्षी ती म्हणू लागली की सकाळी बोटं वळत नाहीत. मग गुडघे सुजले. मग शुगर निघाली, पाठोपाठ प्रेशर. काही न करता दमायची. मी विचारलं, "काय होतंय गं तुला?" तर म्हणाली, "काही होत नाही वन्सं, तेच तर होतंय." हसत म्हणाली, पण मला ते हसू आवडलं नाही.

मयुरेशनं तिला डॉक्टर अल्पनांकडे नेलं. मी तेव्हा धारलाच होते, मीही गेले. चाळिशीतली बाई, बोलण्यात साखर नाही, ते मला बरं वाटलं. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि मयुरेशला विचारलं, "आई दिवसभर काय करतात?"

"काहीच नाही करत, मॅडम," मयुरेश अभिमानानं म्हणाला.

"तेच दिसतंय इथं," डॉक्टर म्हणाल्या. मग वहिनीकडे वळून त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. काटा रुतला की बोट सुजतं, लाल होतं, ठणकतं. ती सूज आपल्या कामाची; जखम भरली की ती जाते. पण दुसरी एक सूज असते, ती डोळ्यांना दिसत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखी ती आत वर्षानुवर्षं धुमसते. पोटावरची चरबी तिला सरपण पुरवते. रक्तवाहिन्या, काळीज, सांधे, साखर पचवायची ताकद, सगळ्याला तिची हळूहळू झळ लागते. "स्नायू हलले ना आजी, की ते रक्तात असं काही सोडतात ज्यानं ही सूज निवते. हे गोळीत मिळत नाही. गोळ्या मी देतेय आणि त्या घ्यायच्याच, त्यात हयगय नको. पण रोज चालायचं. उठबस करायची. हातांनी काम करायचं. आज केलेलं परवाला पुरत नाही, जेवणासारखं आहे ते."

"किती चालू?" वहिनीनं विचारलं. तिचे डोळे लकाकले होते.

"बोलता येईल इतपत दम लागेल, एवढं. हळूहळू वाढवा. गुडघा फार ठणकला तर एक दिवस कमी, पण बंद नाही."

मयुरेश प्रत्येक वाक्याला "जी मॅडम, जी मॅडम" म्हणत होता. घरी येताना त्यानं गाडी वळवली आणि पाय चोळून देणारं विजेचं यंत्र विकत घेतलं. म्हणाला, "आता तुला चालायची जरूरतच नाही. हे बसल्या जागी सगळं करतं." मी काही बोलणार होते, पण वहिनीनं माझा हात दाबला.

तिनं काय ठरवलं होतं ते मला पुढच्या फेरीत कळलं. मयुरेश पहाटेच्या शिफ्टच्या बसनं पीथमपुरला गेला की खुर्ची रिकामी व्हायची. सून प्रियांका सामील होती. दोघी मुंज तलावाकडे जायच्या. आधी वहिनी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतायची, मग वाटेतल्या मंदिरापर्यंत, मग तलावाच्या बांधापर्यंत. घरी येऊन कणीक तिंबायची, भांडी घासायची, पाटा काढून चटणी वाटायची. प्रियांकानं मोबाइलवर बघून तिला उठाबशासारखा एक प्रकार शिकवला, ओट्याला धरून करायचा. आणि दुपारी बस यायच्या आत वहिनी पुन्हा खुर्चीत, अंगावर शाल, चेहरा दमल्यासारखा. मला हसावं की रडावं कळेना. आयुष्यात कधी कुणाला न फसवलेली ही बाई आता काम केल्याचं मुलापासून लपवत होती.

"आई इतक्या मस्त ॲक्टिंग करतात ना आत्या," प्रियांका म्हणाली, "की कधीकधी मला पण वाटतं, ह्या खरंच बसून राहिल्या होत्या."

काही महिन्यांत फरक दिसू लागला. सकाळी मूठ वळायला लागली. दम लागणं कमी झालं. शुगर उतरली, डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली, आणि ती आतली सूज मोजायची जी तपासणी असते तीही बरीच खाली आली. डॉक्टर वहिनीकडे बघून नुसत्या हसल्या. मयुरेशला भरून आलं. "बघ आई, आमच्या कंपनीचीच गोळी आहे ही! मी म्हणत होतो ना, आराम आणि औषध." त्या दिवशी त्यानं पेढे आणले, वहिनीला नको म्हणून तिच्यासाठी पेरू आणले. वहिनी पेरू खात म्हणाली, "वन्सं, खोटं बोलून बरं वाटतंय मला. देवी काय म्हणेल?"

"देवी स्वतः रोज डोंगर चढून बसते," मी म्हटलं. "ती तुझ्याच बाजूची."

पण लपवलेलं किती दिवस टिकणार? मयुरेशच्या कारखान्यातला धवल नावाचा मुलगा तलावाजवळ राहतो. एकदा त्याला सुट्टी होती आणि त्यानं वहिनीला पाहिलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळ्यांसमोर तो म्हणाला, "भिया, तुमची आई तर कमाल आहे! या उमरमध्ये रोज तलावाची चक्कर? आणि येताना भाजीची पिशवी पण उचलून आणते." त्यानं कौतुकानंच म्हटलं असणार. मयुरेशला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

तो दुपारी घरी आला तेव्हा मी तिथंच होते. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आम्ही दोघी त्याला पुरून उरलो असतो. तो खुर्चीपाशी जमिनीवर बसला आणि आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. "बाबा असेच गेले, आई. सगळ्यांच्यासाठी राबत गेले. तू पण जाशील. मग मी कुणासाठी कमावून राहिलोय? लोक काय म्हणतील, की विठोबाच्या मुलानं आईकडून पिशव्या वाहून घेतल्या?"

वहिनीचा हात त्याच्या केसांत होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला दिसत होतं की ती हरलीये. डॉक्टरांचं सगळं बोलणं एकीकडे आणि हे रडणं एकीकडे. ती म्हणाली, "नाही जाणार. ऊठ. जेवून घे."

आणि ती खरंच बसली. लपूनसुद्धा उठेना, कारण आता वचन दिलं होतं. प्रियांकानं समजावलं, मी फोनवर भांडले, डॉक्टर रागावल्या. मयुरेश प्रत्येकाला एकच सांगायचा, "बाबांच्या वेळी पण सगळे म्हणायचे, काम केल्यानं माणूस मरत नाही." मेलेल्या बापाच्या आडून बोलणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही. पावसाळ्यात वहिनीचे गुडघे पुन्हा सुजले. अर्धी झालेली गोळी पूर्ण झाली, तिच्या जोडीला आणखी एक आली. आणि श्रावणात एके दिवशी न्हाणीघरातल्या स्टुलावरून तिला उठताच येईना. मयुरेश घरीच होता. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणलं. प्रियांका सांगत होती, "ते म्हणत होते, आई, बघ, मी आहे ना, मी आहे ना. आणि आई तोंड भिंतीकडे करून होत्या."

भिंतीकडे तोंड केलेली बाई मी पूर्वी पाहिली होती.

पितृपंधरवड्यात दादाचं श्राद्ध. मी दरवर्षी जाते. कृष्णाजीही दरवर्षी येतो. दादानंतर त्या पंगतीत त्याचं पान कधी चुकलं नाही. सत्तरी उलटलेला माणूस, कानानं जरा कमी, दात अर्धे गेलेले, पण बसस्टँडपासून चालत येतो आणि जेवल्यावर आपलं पान आपण उचलतो. मयुरेशनं त्या दिवशी आईसाठी टेबल-खुर्ची मांडली होती. वहिनी म्हणाली, "आज मी खाली बसणार. श्राद्धाची पंगत आहे." मयुरेश नको नको म्हणत होता, पण दिवस असा होता की त्याला फार ताणता आलं नाही. प्रियांकानं धरून तिला पाटावर बसवलं. खीर, वडे, गवारीची भाजी, कढी, सगळं रीतीप्रमाणं झालं होतं.

जेवणं होत आली तेव्हा मयुरेश कृष्णाजीला म्हणाला, "काका, तुमची तब्येत बघून बरं वाटतं. बाबांचं नशीब नव्हतं. तुम्ही दोघं एकाच गाडीवर, पण मेहनत बाबांना खाऊन गेली."

"विठोबासारखा ड्रायव्हर या लाईनवर पुन्हा नाही झाला, भिया," कृष्णाजी म्हणाला. "एवढं खरं."

वहिनी पानाकडे बघत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "भावजी, तुम्ही गाडीच्या टपावर सोयाबीनची पोती चढवायचात, तेव्हा हे काय करायचे?"

कृष्णाजीला प्रश्न कळायला वेळ लागला. "काय करणार? सीटवर असायचा. मी म्हणायचो, विठ्ठू, उतर, पाय मोकळे कर जरा. तर म्हणायचा, ड्रायव्हर सीटवरून उतरला की गाडीची शान जाते." तो हसला. "मी आपला माकडासारखा दिवसभर शिडीवर. चढ, उतर, सवारी मागे, सवारी पुढे. रात्री पाय तुटायचे माझे."

"आणि घरी आले की मी त्यांना उठू द्यायची नाही," वहिनी म्हणाली.

मयुरेशचा घास हातात राहिला. वहिनी आता त्याच्याकडे बघून बोलत होती, आवाज न चढवता.

"बूट मी काढायची त्यांचे. पाणी जागेवर द्यायची. हात धुवायला तस्तसुद्धा मी समोर धरायची. तुझी आजी म्हणायची, असा मान कुठल्या सरदाराला मिळत नसेल. मला बरं वाटायचं. एकदा ते म्हणाले, मालन, चौकापर्यंत जाऊन येतो, पाय जड झालेत. मी म्हटलं, दिवसभर राबून आलात, आता कुठं निघालात, बसा. ते बसले. रोज रात्री मी त्यांचे पाय दाबायची, मयुरेश. बोट दाबलं की खड्डा पडायचा त्या पायांत. मला वाटायचं, कष्टाचे पाय आहेत."

"आई, राहू दे ना," मयुरेश म्हणाला.

"ते दमायचे. फार दमायचे, ते खोटं नाही. पण अंग हलवून दमलेले नव्हते रे ते. अंग तसंच पडून होतं आणि आतून जळत होतं. मला कुणी सांगितलं नाही, मला समजलं नाही. मी जीव लावला आणि बसवून ठेवलं." मग ती म्हणाली, "जे मी त्यांचं केलं, तेच तू माझं करतोयस."

प्रियांकाच्या हातात वाढायची पळी तशीच. मला माहीत आहे की माणूस एका कारणानं जात नाही. दादा तंबाखू खायचा, अवेळी जेवायचा, झोप धड नसायची. पण तंबाखू कृष्णाजीही खायचा, आणि डबा तर एकच होता. कोण का गेला आणि कोण का राहिला, याचा निकाल देणारी मी कोण? एवढं मात्र मला समोर दिसत होतं की वहिनीनं आपल्या नवऱ्याचं मरण उचलून स्वतःच्या पदरात घेतलं होतं, मुलाच्या डोक्यातली एक गाठ सुटावी म्हणून. इतकी वर्षं तिनं ते मनात ठेवलं आणि श्राद्धाच्या पंगतीत, परक्या माणसासमोर, बोलून टाकलं. मला रडू आवरेना.

मयुरेश म्हणाला, "बाबांबद्दल असं नको बोलू." पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

"बाबांबद्दल नाही बोलत. माझ्याबद्दल बोलतेय." वहिनीनं पान बाजूला सारलं. "आता मी उठते. कुणी हात लावायचा नाही."

तिनं एक पाय मागे घेतला. तो नीट दुमडला जाईना. मग दोन्ही हात जमिनीवर टेकून ती पुढं झुकली, रांगत्या मुलासारखी, आणि एक गुडघा उभा केला. तिच्या कपाळावर घाम आला होता. ओठ दाताखाली. मयुरेशचा हात पुढं आला. प्रियांका हलकेच म्हणाली, "नको ना." तो हात अर्ध्यावर थांबला. माझ्या भाच्यानं आयुष्यात पुष्कळ मेहनत केली आहे, पण त्या वेळी तो हात तिथं थांबवायला त्याला जी ताकद लागली असेल तेवढी कधी लागली नसेल. वहिनी एकदा घसरली, पुन्हा खाली बसली. कृष्णाजीनं मान दुसरीकडे वळवली. तिनं श्वास घेतला, पुन्हा गुडघा उभा केला, आणि भिंतीला हात लावून, लटपटत, उभी राहिली.

उभ्याउभ्या ती बराच वेळ धापा टाकत होती. मग मुलाकडे बघून म्हणाली, "आता तू ऊठ."

मयुरेश उठू लागला. चाळिशीही न गाठलेला माणूस. सकाळी बसमध्ये बसतो, दिवसभर पडद्यासमोर बसतो, परत बसमध्ये बसतो. त्यानं एक हात जमिनीला लावला, एक गुडघ्याला, मध्येच अडला, आणि त्याच्या छातीतून एक कण्हणं निघालं. मी चमकले. जेवून पाटावरून उठताना विठोबादादा अगदी असाच कण्हायचा. वहिनीनंही ते ओळखलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. ती त्याला धरायला गेली नाही, पण तो पुरता उभा राहीपर्यंत तिनं डोळ्यांची पापणी लववली नाही.

"ऊन उतरलं की तलावावर जायचं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं आणि मी."

मयुरेश दारापाशी गेला. आईला कुठं न्यायचं असलं की तिच्या चपला उचलून तिच्या पायाशी आणून ठेवायची त्याची सवय. त्यानं वाकून त्या उचलल्या, वळला, आणि थबकला. मग दार उघडून त्यानं त्या बाहेर पायरीवर ठेवल्या, आणि त्यांच्या शेजारी आपले बूट ठेवले.